पाठीवरचे बिऱ्हाड आणि थरचा हिवाळा

ट्रक कॅम्पर म्हणजे पिकअप गाडीच्या हौद्यात बसवलेली एक आटोपशीर खोली; तिच्यात झोपण्याची जागा, शेगडी, पाण्याची टाकी, बॅटरी आणि दिवे एवढी सोय असते, आणि गरज नसेल तेव्हा ती हौद्यातून उतरवून गाडी पुन्हा नेहमीच्या कामाला लावता येते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर ही म्हण इतकी शब्दशः लागू पडणारे दुसरे वाहन नाही. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटांत हिवाळा घालवण्यासाठी अशी वाहने घेऊन जाण्याची रीत रुळलेली आहे. भारतात त्या जातीचा प्रवास करायचा तर तो थरच्या वाळवंटाचा, आणि तो बंगळूरसारख्या सौम्य हवेच्या शहरातून सुरू होतो तेव्हा त्यातील अडचणी अधिक ठळकपणे दिसतात. वाळवंट म्हटले की प्रवासी वाळू, ऊन आणि तहान या तीन गोष्टींची तयारी करतो. डिसेंबर-जानेवारीच्या थरमध्ये मात्र त्याची गाठ पडू शकते ती पावसाशी, धुक्याशी, गारठ्याशी आणि चिखलाशी, आणि या चारही गोष्टींचे मूळ बहुधा एकच असून ते हजारो किलोमीटर पश्चिमेला, भूमध्य समुद्राच्या परिसरात असते.

बंगळूर ते जैसलमेर हे अंतर रस्त्याने सुमारे २,००० किलोमीटर आहे. त्यातील अहमदाबादपर्यंतचा मोठा भाग एकाच रस्त्याने, म्हणजे चेन्नईहून दिल्लीला जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ वरून, तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, सातारा, पुणे, सुरत आणि वडोदरा असा पार होतो. रस्ता एकच असला तरी त्याच्यावरचे आभाळ एक नसते. डिसेंबरच्या आरंभी बंगळूरवर अजून बंगालच्या उपसागराचा अंमल असतो. ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या त्या शेवटच्या टप्प्यात एखादे चक्रीवादळ तमिळनाडूच्या किनाऱ्याला लागले की शहरावर ढग उतरतात आणि रिमझिम सुरू होते, जसे नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आलेल्या फेंगल वादळाच्या वेळी झाले. बेळगाव ओलांडल्यावर हवा कोरडी होत जाते, दख्खनच्या पठारावर ज्वारीची आणि हरभऱ्याची शेते लागतात, आणि नर्मदा ओलांडेपर्यंत प्रवाशाची अशी समजूत होऊन बसते की पाऊस मागे पडला. ती समजूत खरी असते, पण ती बंगालच्या उपसागरापुरतीच.

बंगळूर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि जैसलमेर जेमतेम सव्वादोनशे मीटरवर. सह्याद्रीत किंवा निलगिरीत हिंडलेल्या माणसाच्या अंगवळणी पडलेला नियम असा की उंची वाढेल तशी थंडी वाढते. या प्रवासात तो नियम उलटा होतो, कारण येथे उंचीपेक्षा अक्षांश आणि हवेतील बाष्प यांचे वजन जास्त आहे. बंगळूरमध्ये जानेवारीतील पहाटेचे सरासरी तापमान १५-१६ अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि शहराच्या नोंदींतील नीचांक ७.८ अंशांचा, १३ जानेवारी १८८४ रोजीचा आहे. जैसलमेरच्या जानेवारीत जवळपास तेवढीच थंडी ही सरासरी रात्र होय. थरच्या ईशान्य टोकाला, शेखावटीतील फतेहपूर आणि चुरू येथे अनेक हिवाळ्यांत पारा शून्याखाली जातो. याच चुरूमध्ये १ जून २०१९ रोजी ५०.८ अंश तापमान नोंदले गेले होते. हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र असेल तर दिवसभर तापलेल्या जमिनीची उष्णता सूर्यास्तानंतर अडथळ्याविना आकाशात निघून जाते, आणि वाळूच्या कणांमध्ये हवा अडकलेली असल्यामुळे खोलवरची ऊब वरच्या थरापर्यंत लवकर पोचत नाही. म्हणून दुपारी सदऱ्यावर फिरणारा माणूस मध्यरात्री दोन रजया शोधू लागतो. हा दिवस-रात्रीचा फरक मात्र नित्याचा असून त्याची तयारी करता येते. खरी कसोटी लागते ती हा नित्यक्रम मोडतो तेव्हा.

तो मोडणाऱ्या घटनेला हवामानशास्त्रात पश्चिमी झंझावात असे म्हणतात. हिवाळ्यात उत्तर भारतावरून बऱ्याच उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्यांचा एक पट्टा वाहत असतो, आणि त्या प्रवाहात भूमध्य समुद्राच्या परिसरात निर्माण झालेले कमी दाबाचे खळगे एकामागून एक इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत हिमालयाकडे सरकत येतात. हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा असे झंझावात येतात. त्यांचा मुख्य भर काश्मीर आणि हिमाचलवर असतो आणि तिथला हिमवर्षाव त्यांचीच देणगी आहे. पण झंझावात जोरकस असेल, किंवा त्याची वाट नेहमीपेक्षा दक्षिणेकडे झुकली असेल, तर त्याच्या प्रभावाने पश्चिम राजस्थानवर जमिनीलगतच्या हवेतही चक्राकार वारे उत्पन्न होतात, आणि हे दुय्यम चक्र अरबी समुद्रावरचे बाष्प ओढून घेते. थरमधील हिवाळी पाऊस बहुधा या दोहोंच्या मिळणीतून येतो. राजस्थानात त्याला मावठ म्हणतात. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला मावठा हा शब्द परका नाही.

प्रवाशाने लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे झंझावाताचा क्रम, कारण तो दिशाभूल करणारा आहे. आधी आभाळात फार उंचावर पिसासारखे विरळ ढग दिसतात, उत्तरेचा बोचरा वारा थांबून दक्षिणेकडून किंवा आग्नेयेकडून वारा येऊ लागतो, आणि रात्रीचे तापमान कमी होण्याऐवजी काही अंशांनी वाढते, कारण ढगांचे आवरण जमिनीची उष्णता अडवून धरते. थंडीने गांजलेल्या प्रवाशाला ही रात्र सुखाची वाटते आणि थंडी सरली असा ग्रह होतो. मग एक-दोन दिवस ढगाळ हवा, तुरळक किंवा गडगडाटासह पाऊस आणि क्वचित गारा. ढग पांगले की वायव्येकडून कोरडा आणि अतिथंड वारा शिरतो, ओली जमीन निरभ्र आकाशाखाली वेगाने निवते, वारा पडल्यास तिच्यालगतची दमट हवा गोठण्याइतकी नव्हे पण धुके धरण्याइतकी थंड होते, आणि श्रीगंगानगर-हनुमानगडपासून बिकानेरपर्यंत सकाळी समोरचे वाहन दिसेनासे होते. त्यानंतर येते ती थंडीची लाट. मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून खाली आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असेल तर भारतीय हवामान विभाग त्या स्थितीला थंडीची लाट म्हणतो. उबदार रात्र, पाऊस, धुके आणि लाट ही चार अंगे आठवड्याच्या आत पुरी होऊ शकतात, आणि प्रवासाचा बेत सहसा आठवड्या-दहा दिवसांचाच असतो. म्हणजे एकही झंझावात वाट्याला न येणे हे नशीब, आणि एखादा येणे हे गृहीत.

यातील सर्वांत मोठा धोका, म्हणजे विजेचा, वाळवंटाच्या सीमेआधीही गाठू शकतो. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी असाच एक झंझावात आणि अरबी समुद्रावरून आलेले दमट वारे यांच्या संयोगाने गुजरातभर अवकाळी पाऊस झाला आणि विजा पडून वीसहून अधिक माणसे दगावली. त्याच सुमारास नाशिक जिल्ह्यात निफाड परिसरात गारपिटीने द्राक्षबागा झोडपल्या. वादळी ढगाखाली मोकळ्या मैदानात उभी असलेली उंच गाडी ही परिसरातील सर्वांत उंच वस्तू असते. सर्व बाजूंनी धातूने वेढलेल्या वाहनात माणूस विजेपासून बऱ्यापैकी सुरक्षित असतो, कारण विजेचा प्रवाह बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीकडे जातो. फायबरची भिंत आणि कापडी छत असलेल्या कॅम्परला हे संरक्षण नसते, आणि अशा वेळी मागच्या खोलीतून उठून पुढच्या पत्र्याच्या केबिनमध्ये काचा लावून बसणेच शहाणपणाचे ठरते.

वाहनाचा विचार येथूनच सुरू व्हायला हवा, आणि भारतात तो कायद्यापासून सुरू होतो. बोलेरो कॅम्पर या नावाची पिकअप देशभर धावते खरी, पण तिच्यात झोपण्याची कोणतीही सोय नसते. हौद्यात खोली बसवण्याजोग्या चारही चाकांना जोर पोचवणाऱ्या पिकअप गाड्या भारतात मोजक्याच मिळतात. आंध्र प्रदेशातील श्रीसिटी येथे बनणारी इसुझू व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आली आणि टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये. ही दुसरी गाडी बंगळूरजवळच्या बिडदी येथील टोयोटा किर्लोस्करच्या कारखान्यात तयार होते. ज्या किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ मध्ये बेळगावात सायकलींच्या दुकानाने झाला, त्याच बेळगाववरून ती पुढे वाळवंटाकडे जाते, हा योगायोग मराठी वाचकाला सुखावणारा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ कायम केला. म्हणून सांगाड्याला जोडून टाकलेली खोली आणि हौद्यात पट्ट्यांनी आवळलेले, सामान म्हणून वाहून नेले जाणारे खोके यांत कायद्याच्या दृष्टीने फरक पडू शकतो, आणि चार राज्यांच्या तपासणी नाक्यांवर तो समजावून सांगण्याची वेळ येण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडून लेखी खुलासा घेतलेला बरा. मोठ्या, कारखान्यातून तयार होऊन येणाऱ्या मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, केरळनेही त्याच वर्षी तशी योजना आणली, आणि बंगळूरमध्ये लक्झकॅम्परसारख्या कंपन्या चालकासह कॅम्पर भाड्याने देतात. मात्र बसच्या आकाराची ही वाहने डांबरी रस्त्यासाठी आहेत आणि धोऱ्यांच्या, म्हणजे वाळूच्या टेकड्यांच्या प्रदेशात त्यांना महामार्गावरच थांबावे लागते.

पिकअपवरील कॅम्परची खरी मर्यादा म्हणजे वजन, आणि या विषयावरील हौशी चर्चेत तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. दोन रांगांच्या आसनांच्या पिकअपची भारवहन क्षमता काही शे किलोंचीच असते. तीत चार माणसे बसली, शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो भरले, बॅटऱ्या, शेगडी, गॅसची टाकी, सुटे चाक आणि छपरावर सौर पट्टे चढले की खोलीच्या भिंतींसाठी फारसे काही उरतच नाही. छपरावर ठेवलेला प्रत्येक किलो गाडीचा गुरुत्वमध्य वर नेतो, आणि गुरुत्वमध्य वर गेलेली गाडी वाळूच्या उतारावर आडवी झाली की कलंडते, तसेच आडव्या वाऱ्यात डुलते. जैसलमेरच्या भोवती पवनचक्क्यांची जी रांग क्षितिजापर्यंत दिसते ती या भागात वारा किती भरवशाचा आहे याचा पुरावा आहे, जरी त्याचा जोर पावसाळ्याच्या आगेमागे सर्वाधिक आणि हिवाळ्यात बेताचाच असतो. दुकानांतून मिळणारे चांदण्या, शिड्या, जादा दिव्यांचे पट्टे आणि छपरावरचे तंबू हे साहित्य छायाचित्रात शोभून दिसते, पण थरमध्ये हलकी गाडी हेच सर्वांत उपयोगी साहित्य आहे.

रात्र खोलीत काढायची असते आणि खोली लहान असते, यातून थंडीपेक्षा वेगळाच प्रश्न उभा राहतो. झोपलेला माणूस श्वासावाटे आणि त्वचेवाटे रात्रभरात साधारण पाव ते अर्धा लिटर पाणी बाष्परूपाने हवेत सोडतो. शेगडीवर एक किलो स्वयंपाकाचा गॅस जळला की सुमारे दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ तयार होते. बाहेर चार अंश आणि आत वीस अंश असताना ही वाफ थंड पत्र्यावर आणि काचांवर पाणी होऊन जमते, अंथरुणाखाली झिरपते आणि दुसऱ्या रात्री ओल्या गादीमुळे थंडी दुप्पट वाटते. ऊब टिकवण्यासाठी झरोके गच्च बंद करण्याची स्वाभाविक इच्छा म्हणूनच चुकीची आहे. वरचा आणि खालचा असे दोन झरोके थोडे उघडे ठेवले तर ऊब थोडी जाते, पण ओल बरीच जाते. याहून गंभीर बाब म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट ज्वलनातून निघणारा रंगहीन आणि गंधहीन विषारी वायू. शेकोटीची सिगडी किंवा गॅसची शेगडी बंद खोलीत पेटती ठेवून झोपल्याने उत्तर भारतात दर हिवाळ्यात माणसे दगावतात, आणि कॅम्परची खोली घराच्या खोलीपेक्षा कितीतरी लहान असल्यामुळे तिथे हे विष अधिक लवकर साठते. ज्याचे ज्वलन खोलीबाहेर होते आणि धूर नळीने बाहेर जातो असा डिझेलवर चालणारा हीटर हा यावरचा योग्य उपाय. तो नसेल तर चांगली रजई आणि गरम पाण्याची पिशवी पुरेशी ठरते.

विजेचे गणितही बंगळूरच्या हिशेबाने केले तर कोलमडते. २१ डिसेंबरला बंगळूरमध्ये मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ५४ अंशांवर असतो, जैसलमेरमध्ये तो ४० अंशांपर्यंतच चढतो. छपरावर आडव्या ठेवलेल्या सौर पट्ट्याला त्यामुळे मुळातच कमी ऊन मिळते, त्यात दिवस जवळजवळ तासाभराने लहान, पट्ट्यावर धूळ, आणि झंझावाताचे दोन-तीन दिवस ढग. भारतीय प्रमाणवेळ सगळीकडे एकच असल्याने देशाच्या पश्चिम टोकाला सूर्य घड्याळात साडेसातच्या सुमारास उगवतो, म्हणजे सर्वांत थंड वेळ पहाटे पाचची नसून सातची असते. शिशाच्या बॅटरीची क्षमता थंडीत घटते, आणि लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केली तर कायमची बिघडू शकते, म्हणून ती बाहेरच्या पेटीत ठेवण्यापेक्षा खोलीच्या आत ठेवणे इष्ट. डिझेलबद्दल मात्र अनाठायी भीती बाळगली जाते. डिझेलमधील मेण थंडीत घट्ट होऊन गाळणी तुंबवते हे खरे, आणि भारतीय मानकात हिवाळ्याच्या डिझेलसाठी ही मर्यादा इतर काळापेक्षा बरीच खाली, सहा अंशांवर ठेवलेली आहे हेही खरे. पण बंगळूरला भरलेली टाकी जैसलमेरला पोचेपर्यंत दोन-तीनदा रिकामी होऊन स्थानिक डिझेलने भरलेली असते. लडाखच्या गोष्टी थरला लावण्याचे कारण नाही. तिथल्यासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे वेगळे डिझेल आणले, ते त्याच प्रदेशाचे औषध आहे.

आता जमीन. वाळूत गाडी रुतते कारण टायरचा दाब थोड्या जागेवर एकवटतो. टायरमधील हवा कमी केली की त्याचा जमिनीला टेकणारा भाग लांबट होतो आणि वजन पसरते. ही युक्ती, रुतलेल्या चाकाखाली लोखंडी पट्ट्या घालण्याची पद्धत आणि वाळूच्या टेकडीची घडण वाचण्याचे शास्त्र १९२०-३० च्या दशकांत इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात राल्फ बॅगनॉल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने बांधून काढले. वाऱ्याने वाहणाऱ्या वाळूवरचा त्याचा १९४१ चा ग्रंथ आजही त्या विषयाचा पाया मानला जातो. हलकी पिकअप असेल तर हवा १५ ते २० पीएसआयपर्यंत, म्हणजे दर चौरस इंचाला तितक्या पौंडांपर्यंत, उतरवतात, पण खोली लादलेल्या गाडीला इतके खाली जाणे परवडत नाही, कारण टायरची कड रिंगवरून निसटते. थंडीचाही हिशेब धरावा लागतो; तापमान साडेपाच अंशांनी उतरले की टायरचा दाब साधारण एक पीएसआयने कमी होतो, त्यामुळे दुपारी मोजलेला आकडा पहाटे खरा राहत नाही.

पाऊस आला की वाळू आणि चिकणमाती यांच्या स्वभावांची अदलाबदल होते, आणि नवख्या माणसाची फसगत इथेच होते. ओलसर वाळूचे कण एकमेकांना धरून राहतात, त्यामुळे हलक्या सरीनंतर धोरा अधिक टणक होतो आणि गाडीला सोपा जातो. याउलट धोऱ्यांच्या मधले सपाट, कठीण, क्रिकेटच्या मैदानासारखे दिसणारे पट्टे, जिथे कोरड्या दिवशी कोणीही मुक्कामासाठी गाडी लावील, ते बहुधा गाळाच्या मातीचे असतात आणि आजूबाजूच्या खडकाळ उतारांवरचे पाणी तिथेच येऊन साठते. जैसलमेरच्या पालीवालांनी याच गुणावर खडीन ही शेतीपद्धत उभारली: खडकाळ उतारावरचे पावसाचे पाणी सखल जागी मातीच्या लांब बांधाने अडवायचे, ते जिरले की त्या ओलीवर रब्बीचा गहू आणि हरभरा घ्यायचा. जिथे बांध दिसतो आणि खाली पीक किंवा भेगाळलेला गाळ दिसतो तिथे गाडी लावणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतात आणि स्वतःच्या खड्ड्यात एकाच वेळी मुक्काम करणे होय. वाळवंटात पाणी जिरतेच असेही नाही. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेरजवळचे कवास गाव पुरात बुडाले तेव्हा जमिनीखालच्या जिप्समच्या थराने पाणी खाली जाऊ दिले नाही आणि ते महिनोन्महिने साचून राहिले.

कोरडी वाळू जड वाहनाला कशी वागवते याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण लोंगेवालाचे आहे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री पंजाब रेजिमेंटच्या एका कंपनीने राखलेल्या त्या चौकीवर चालून आलेले पाकिस्तानी रणगाडे आणि गाड्या मार्ग सोडून मऊ वाळूत शिरल्या, त्यांतील कित्येक रुतून बसल्या, आणि उजाडताच जैसलमेरहून उडालेल्या हवाई दलाच्या हंटर विमानांना ती आयती लक्ष्ये मिळाली. आज तिथे युद्धस्मारक आहे, तनोटचे देऊळ पुढे आहे आणि रस्ता डांबरी आहे. रस्त्याच्या कडेपासून काही फुटांवरची वाळू मात्र तशीच आहे.

कच्छच्या रणाचे प्रकरण आणखी वेगळे. रण म्हणजे पावसाळ्यात उथळ पाण्याखाली जाणारा आणि हिवाळ्यात वाळून मिठाचा पापुद्रा धरणारा सपाट खारट प्रदेश. हा पापुद्रा माणसाला पेलतो, कधी मोटारसायकलीलाही पेलतो, पण त्याखाली चिखल ओलाच असतो, आणि दोन-अडीच टनांची गाडी त्यावर घालणे हा जुगार आहे. वर मावठाची एक सर पडली तर तो जुगारही राहत नाही. खारे पाणी काय करते हे बंगळूरच्या एका स्वाराने जगाच्या दुसऱ्या टोकाला अनुभवले आहे. जानेवारी २०१५ मध्ये डकार रॅलीत बोलिव्हियातील उयुनीच्या, सुमारे ३,६५० मीटर उंचीवरच्या मिठाच्या मैदानावर पावसाचे पाणी साचलेले असतानाच मोटारसायकली सोडण्यात आल्या. अंगावर उडणाऱ्या थंडगार खाऱ्या पाण्याने स्वार गारठले आणि ते पाणी विजेच्या जोडण्यांत शिरून अनेक यंत्रे बंद पडली. त्या वर्षी सी. एस. संतोष यांनी ती रॅली पुरी केली आणि ती पुरी करणारे ते पहिले भारतीय ठरले. कॅम्परच्या तळाला वायरिंग, पाण्याचा पंप आणि बॅटरीच्या जोडण्या असतात, म्हणून रणातून परतल्यावर पहिल्या मिळेल त्या ठिकाणी गाडी खालून गोड्या पाण्याने धुणे हे काम जेवणाच्याही आधीचे आहे.

ज्या पावसाला प्रवासी अपशकुन समजतो त्याची थरमधील शेतकरी वाट पाहत असतो, निदान काही शेतकरी तरी. हरभरा, मोहरी आणि गहू यांना मावठ म्हणजे न मागता मिळालेले पाणी; बाडमेर-जालोरकडच्या जिऱ्याला मात्र ढगाळ आणि दमट हवा करपा आणते, आणि पिकत आलेल्या इसबगोलावर पाऊस पडला तर बी गळून जाते. म्हणजे एकाच ढाणीत, शेतातल्या विखुरलेल्या घरांच्या वस्तीत, एका घरी आनंद आणि शेजारी चिंता असू शकते. वस्तीत मुक्कामाची परवानगी मागताना आणि टांक्यातून, म्हणजे अंगणातल्या झाकलेल्या पावसाच्या टाकीतून, पाणी मागताना हे ध्यानात असावे. टांक्यातले पाणी त्या घराने पुढच्या उन्हाळ्यासाठी साठवलेले असते, आणि शंभर लिटरची टाकी भरून घेणे म्हणजे त्या कुटुंबाचे कित्येक दिवसांचे पिणे उचलणे. पाणी शहरातच भरून घ्यावे. १९८० मध्ये घोषित झालेल्या, ३,१६२ चौरस किलोमीटरच्या डेझर्ट राष्ट्रीय उद्यानात तर वाटेल तिथे गाडी लावून राहण्याचा प्रश्नच येऊ नये. तिथला गोडावण, म्हणजे सोलापूरच्या नान्नजला एके काळी दिसणारा आपला माळढोक, जमिनीवर अंडी घालतो आणि त्याची संख्या आता फारच थोडी उरली आहे.

हवामानाचा अंदाज वाचणे हे या प्रवासातील रोजचे काम आहे आणि ते फारसे अवघड नाही. भारतीय हवामान विभाग जिल्हावार इशारे हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल अशा चार रंगांत देतो, आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने बनवलेले दामिनी हे ॲप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देते. झंझावात इराणवर असतानाच त्याची चाहूल अंदाजात उमटते, म्हणजे प्रवाशाला तीन-चार दिवस हाताशी मिळतात, मात्र त्याचा दक्षिण टोकाचा पाऊस कोणत्या तालुक्यात पडेल हे आदल्या दिवसापर्यंतही ठामपणे सांगता येत नाही. सीमेजवळ मोबाइलचे जाळे विरळ आहे, आणि परदेशी प्रवासलेखांत सर्रास सुचवले जाणारे उपग्रह फोन आणि संदेशयंत्रे भारतात परवान्याविना बाळगणे बेकायदा असून त्यापायी अटकही होऊ शकते. तेव्हा जाळे असेल तिथे अंदाज उतरवून घेणे, आणि पुढच्या दोन रात्रींचे मुक्काम एखादे पेट्रोल पंप, धर्मशाळा किंवा हॉटेलचे आवार अशा पक्क्या जमिनीवर आधीच ठरवणे, एवढेच हाती राहते.

बेतात दोन-तीन रिकामे दिवस ठेवण्याचे महत्त्व सर्वांत स्पष्ट दिसते ते परतीच्या वाटेवर. अमृतसर-जामनगर द्रुतगती मार्गाचा बिकानेर, बाडमेर, जालोर या जिल्ह्यांतून जाणारा राजस्थानातील भाग जुलै २०२३ मध्ये खुला झाल्यापासून बाडमेरकडून गुजरातमध्ये सांतलपूरपर्यंत उतरणे सोपे झाले आहे. सांतलपूरला मात्र निवड करावी लागते. पश्चिमेला वळल्यास रणातून गेलेल्या रस्त्याने २०२१ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेल्या धोलावीरापर्यंत जाता येते, आणि ज्या हडप्पाकालीन नगराने मानसर आणि मनहर या दोन हंगामी ओढ्यांचे पाणी बांधीव तलावांत साठवून वाळवंटात वस्ती टिकवली ते पाहता येते. पूर्वेला वळल्यास राधनपूरवरून अहमदाबाद आणि पुन्हा क्रमांक ४८ चा महामार्ग लागतो. गेल्या आठ दिवसांत पाऊस झाला असेल तर धोलावीराचा डांबरी रस्ता चालू असला तरी त्याच्या दोन्ही कडा चिखलाच्या असतात, समोरून मिठाचा ट्रक आल्यावर कडेला उतरण्याची सोय नसते, आणि मुक्कामाला टणक जागा गावातच शोधावी लागते. ज्याच्या हाती दिवस उरले आहेत तो सांतलपूरला थांबून रस्ता वाळू देतो, आणि ज्याला सोमवारी बंगळूरच्या कार्यालयात हजर व्हायचे आहे तो राधनपूरची वाट धरतो.